रंगाखालचं मीठ

दसऱ्याच्या सुमाराला खिडक्यांच्या ग्रिलला, गच्चीच्या दाराला, फाटकाला रंगाचा हात द्यायचा आणि पुढचा पावसाळा सरता सरता त्याच जागी फुगे येऊन त्यांतून तांबडं पाणी ओघळायचं, हा कोकणपट्टीतल्या घरांचा ठरलेला क्रम आहे. दोष रंगाच्या डब्याला दिला जातो, रंगाऱ्याला दिला जातो, नाहीतर ‘हल्लीच्या लोखंडाला’. त्यातल्या प्रत्येकाचा काही ना काही वाटा असेलही. पण गंजाविषयी गेल्या शंभर वर्षांत जे समजलं आहे, ते वेगळंच सांगतं. रंग बहुतेक वेळा वरून हरत नाही, खालून हरतो. त्याला हरवणारी गोष्ट म्हणजे गंजाच्या खळग्यांत राहून गेलेलं, डोळ्यांना न दिसणारं मीठ. ते घासून पुरतं निघत नाही, धुवून निघतं. आणि रंगकामात नेमकी धुण्याची पायरीच आपण गाळतो, कारण लोखंडाला पाणी दाखवायचं नाही ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे.

ही समजूत तपासायची तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या एका थेंबापासून सुरुवात करावी लागेल. धातूंची झीज ही निव्वळ कटकट मानली जात होती त्या काळात त्यांनी तिचं रीतसर शास्त्र उभारलं, आणि त्यांचा 1920च्या दशकातला हा प्रयोग आजही शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात दोन सूचक मिसळलेले असतात. लोखंड विरघळू लागलं की एक निळा होतो, अल्कली तयार झाला की दुसरा गुलाबी. आधी थेंबभर दोन्ही रंगांचे ठिपके विखुरलेले दिसतात. मग हळूहळू मध्यभाग निळा होत जातो, कड गुलाबी होते आणि दोहोंच्या मध्ये गंजाचं तपकिरी कडं उमटतं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो संपून जातो. लोखंड विरघळतं ते ऑक्सिजन कमी असलेल्या मध्यभागी. तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे पाण्याचा एवढासा थेंब ही एक चालू बॅटरीच आहे! ग्रिलचे गज आणि पट्ट्या एकमेकांवर बसतात त्या फटीत, हवा कमी पोचते तिथेच, लोखंड का खाल्लं जातं याचं उत्तर या थेंबात आहे. आणखी एक गोष्ट त्यातच आहे. बॅटरीचा फेरा पुरा व्हायला धातूतून इलेक्ट्रॉन वाहावे लागतात, तसे पाण्यातून आयनही वाहावे लागतात. शुद्ध पाण्यात हे काम रखडत चालतं, खारट पाण्यात जोरात.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये व्हर्नन यांनी केलेला प्रयोग मला याहूनही सुंदर वाटतो, कारण त्याला उपकरण म्हणून लागली ती फक्त विरळ मलमल. त्यांनी लोखंडाचे काही तुकडे उघड्यावर टांगले आणि काही मलमलीच्या पिंजऱ्यात. मलमलीतून हवा जाते, ऑक्सिजन जातो, बाष्पही जातं, त्यामुळे दोन्हीकडचे तुकडे सारखेच गंजायला हवे होते. उघड्यावरचे गंजले. पिंजऱ्यातले जवळपास स्वच्छ राहिले. कापडाने अडवली होती ती हवेतली धूळ आणि तिच्याबरोबर येणारे क्षारांचे, काजळीचे कण. हा कण लोखंडावर बसला की भोवतालच्या हवेतलं बाष्प ओढून स्वतःभोवती पाण्याचा पातळ थर धरतो. इव्हान्स यांच्या थेंबाला लागणारी जागा आयतीच तयार होते. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाझरू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला 33 टक्के पुरतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत पाऊस नसतानाही ग्रिलवर एक ओला पापुद्रा असतो तो यामुळे.

मग रंग काय करतो? पाणी अडवतो, असं आपण धरून चालतो. इव्हान्स यांचे केंब्रिजमधले सहकारी मेन यांनी 1950च्या सुमारास हे मोजून पाहिलं. उघडं लोखंड वर्षभरात गंजायला जेवढं पाणी वापरतं, त्याच्या कित्येक पट पाणी रंगाच्या थरातून आरपार जातं, असं त्यांना आढळलं. अडवण्यावरच भिस्त असती तर रंगवलेलं लोखंड न रंगवलेल्याइतकंच गंजायला हवं होतं. ते गंजत नाही, कारण रंगाच्या थरातून आयन सहजी सरकत नाहीत आणि बॅटरीचा फेरा तुटतो. रंग हा छत्रीपेक्षा वीजरोधकाच्या जास्त जवळचा आहे, हे मेन यांचं म्हणणं रंगविज्ञानात आज पायाभूत मानतात. त्याबाहेर त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही आणि ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ असे दावे मात्र चालूच राहतात, याची मला मनापासून खंत वाटते. मेन यांचं म्हणणं मान्य केलं की पुढची गोष्ट ओघानेच येते. रंगाने आयनांची वाट वरून बंद केली, पण आयन आधीच रंगाखाली लोखंडावर बसलेले असतील तर त्या बंदोबस्ताचा उपयोग फार काळ टिकत नाही.

रंगाखाली अडकलेलं मीठ पुढे काय करतं हे कळायला प्रयोगशाळेची गरज नाही, बेदाणे भिजत घातले तरी पुरे. बेदाण्याच्या सालीतून पाणी आत जातं, आतली साखर मात्र तितक्या सहज बाहेर येत नाही. म्हणून पाणी आत शिरत राहतं आणि बेदाणा टम्म फुगतो. तुमच्या ग्रिलवरचा रंग म्हणजे ती साल आणि त्याखालचा मिठाचा कण म्हणजे ती साखर. पाणी रंगातून झिरपतं, मिठापाशी जमतं आणि रंगाला लोखंडापासून उचलतं. रंगावरचा फोड पिन लावून फोडला तर आत पाणी सापडतं ते असं आलेलं असतं. फोडाखाली बॅटरी सुरू होते आणि तिथे जो गंज बनतो तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून रंग आणखी उचकटतो. यात वाईट गोष्ट अशी की मीठ यात खर्ची पडत नाही. क्लोराइड विरघळत्या लोखंडाशी जोडी जमवतं, त्या लोखंडाचा गंज झाला की मोकळं होतं आणि पुन्हा त्याच कामाला लागतं. म्हणूनच थोडंसं मीठही खूप झालं. जहाजांच्या बॅलास्ट टाक्या रंगवण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2006मध्ये जे निकष ठरवले, त्यांत रंगापूर्वी पत्र्यावर चौरस मीटरमागे 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ चालत नाही. हजार चौरस फुटांच्या घराच्या सगळ्या जमिनीवर मिळून चहाचा एक चमचा मीठ, एवढी ही मर्यादा.

यावर पहिला आक्षेप येतो की लोखंड धुतलं तर गंज वाढेलच. धुतल्यावर तासाभरात तांबूस झाक येते हे खरं आहे. पण गोड्या पाण्याने आलेली ती झाक वरवरची असते, कोरड्या पॉलिश पेपरने निघून जाते. खळग्यातलं मीठ तसं निघत नाही, पेपरने ते उलट पसरतं आणि चेपलं जातं. पाणीच खरा शत्रू असतं, तर ग्रिलचा पावसात भिजणारा भाग आधी गंजला असता. समुद्राकाठच्या हवेत बहुधा उलट दिसतं. छज्ज्याखालच्या, पट्टीच्या खालच्या अंगाच्या, पाऊस न पोचणाऱ्या जागा जास्त खाल्लेल्या असतात, कारण वाऱ्याने आणून टाकलेलं मीठ तिथून कुणी धुवून नेत नाही. तेव्हा पोपडे आणि खपल्या तारेच्या ब्रशने काढल्या की सांधे आणि खळगे नायलॉनच्या ब्रशने, नळाच्या गोड्या पाण्याने दोन-तीनदा घासून धुवावेत. बोअरचं पाणी खारट असेल तर ते वापरू नये. मग उन्हात खडखडीत वाळवून एक रात्र तसंच ठेवावं. सकाळच्या दमट हवेत कुठे काळपट ओलसर ठिपके उठले तर मीठ तिथे अजून आहे, त्या जागा पुन्हा धुवाव्यात. नागपूर-अमरावतीकडे एवढा खटाटोप लागत नाही. तिथे कोरडी हवा अर्धं काम करते, जसं दिल्लीच्या लोहस्तंभाच्या बाबतीत झालं. त्या सोळाशे वर्षांच्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे त्यावर रक्षक थर कसा तयार झाला हे कानपूर आयआयटीच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं, पण तो थर घडायला दिल्लीचं ओलं-कोरडं होत राहणारं हवामानही लागलं. पूर्वीचं लोखंड चांगलं होतं असं म्हणताना पूर्वीचे गज जाड होते हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप जास्त आकर्षक आहे: बाजारात ‘रस्ट कन्व्हर्टर’ मिळतो, तो गंजाचंच संरक्षक कवच करतो, मग घासायचं आणि धुवायचं कशाला? त्यामागचं रसायन खरं आहे आणि आपल्या ओळखीचंही. अशा अनेक द्रावणांत टॅनिक आम्ल असतं. गंजातलं लोखंड त्याच्याशी जुळलं की निळसर काळं, न विरघळणारं टॅनेट बनतं. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जी काळी शाई होते ती हीच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून गोळा होणाऱ्या हिरड्याला चामडं कमावणाऱ्यांकडून मागणी आली तीही त्यातल्या टॅनिनमुळे. पातळ आणि घट्ट चिकटलेल्या गंजावर हे द्रावण चांगलं काम करतं, आणि जिथे ब्रश पोचत नाही अशा नक्षीकामाला ते जरूर लावावं. पण जाड खपलीवर ते वरच्या वर काळं करून थांबतं, खालचा थर तसाच राहतो. आणि मीठ त्याने निघत नाही. काळी पडलेली जागा बरी झालेली दिसते, हा त्याचा खरा धोका. फॉस्फरिक आम्लाच्या द्रावणांचंही तसंच आहे, शिवाय उरलेलं आम्ल पुसून-धुवून काढलं नाही तर तेच रंगाखाली क्षाराचं काम करू लागतं.

प्रायमरबद्दलही एक गैरसमज रूढ आहे. लोखंडाला लावायचा लाल रंग म्हणजे गंजविरोधी औषध, असं मानलं जातं, आणि एके काळी ते खरं होतं. तेव्हाचा लाल म्हणजे रेड लेड, आपला शेंदूर. जवसाच्या तेलात तो घोटला की शिशाचे साबण तयार होतात आणि त्यांतून निघणारी द्रव्यं लोखंडाचं विरघळणं थोपवतात, हेही मेन यांनीच उलगडलं. आजचा रेड ऑक्साइड दिसायला तसाच, पण तो लोहाचा ऑक्साइड, म्हणजे तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू. तो गंजाचाच भाऊ आहे, त्यात आणखी गंजण्यासारखं काही उरलेलं नसतं म्हणून तो टिकतो, थर भरतो, वरच्या रंगाला धरतो. तेवढंच. रोधक गुण हवा असेल तर झिंक फॉस्फेटचा प्रायमर घ्यावा. शिसं गेलं ते योग्यच झालं. भारतात घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं असू नये हा नियम 2016मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017पासून तो लागू आहे. पण त्याआधीचे थर जुन्या ग्रिलांवर अजून बसलेले आहेत. ते कोरडे घासले तर शिशाची धूळ घरभर उडते, आणि लहान मुलांना तिचा अपाय सगळ्यात जास्त होतो. म्हणून जुना रंग ओला करून खरवडावा, तोंडावर चांगला मास्क असावा, चुरा कागदावर गोळा करून बाहेर टाकावा.

जीआयच्या पाइपांना आणि पत्र्यांना यातलं बरंचसं लागू नाही. तिथे झिंकचा थर स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, पण त्यावर थेट ऑइल पेंट लावला की झिंक आणि तेल मिळून साबण बनतो आणि रंग सालपटासारखा निघतो, म्हणून त्याला खास प्रायमर लागतो. लोखंडी ग्रिलची खरी कसोटी कडांवर होते. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरतो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो, त्यामुळे कडा आणि झाळलेले सांधे आधी वेगळे रंगवून मग सगळ्यावर हात फिरवावा. दोन हातांच्या छटा थोड्या वेगळ्या ठेवल्या तर सुटलेली जागा लगेच दिसते. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर रंग लावू नये, कारण गार पडलेल्या लोखंडावर न दिसणारं दव असतं. ऑक्टोबरच्या उन्हात दहा वाजल्यानंतर लोखंड हाताला कोमट लागतं, ती वेळ चांगली. आणि सुरुवात पट्टीच्या खालच्या अंगापासून करावी, पाऊस जिथे पोचत नाही आणि ब्रश एरवी सगळ्यात शेवटी जातो तिथून.