'येतो'पासून 'आता है'पर्यंत

तानसा धरणाच्या परिसरात हिंदी परकी नाही. मुंबई-नाशिक महामार्गावर, आसनगावच्या लोकलमध्ये ती रोज कानावर पडते. तरीही हिंदी शिकणारं मूल वर्तमानकाळात अडतं, कारण ओळखीचं काय आणि नवं काय, हे त्याला वेगळं करून दाखवलं जात नाही. 'येतो-येते' आणि 'आता-आती' यांची रीत एकच. नवं आहे ते शेवटचं 'हूँ, हो, है, हैं'. खरी अडचण नपुंसकलिंगाची, कारण हिंदीत ते नाहीच. म्हणून 'झाड वाढतं'चं 'पेड़ बढ़ता है' होतं, पण 'पुस्तक मिळतं'चं 'किताब मिलती है'. उलट मुलगे काय, मुली काय, मराठीत दोघेही 'जातात'. हिंदीत मात्र मुलगे 'जाते हैं', मुली 'जाती हैं'.

कुणी म्हणेल, हिंदी बाजारात आपोआप येते. समजण्यापुरती येते, हे खरं. पण तिथे खपून जाणारं 'हम जाता है' लिहिताना चुकतंच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला शाळेची मराठीही नवीच असते. त्याच्यासाठी तुलना घरच्या बोलीपासूनच सुरू व्हायला हवी. शिक्षकांनी फळ्यावर आधी मुलांच्या तोंडची वाक्यं लिहावीत, रूपांचा तक्ता नंतर.