हलकी रायफल, जास्त धक्का
अमेरिकेत परवाना काढून हरणाची शिकार करणारे, विशेषतः डोंगर चढणारे, हलकी रायफल पसंत करतात. पण वजन घटले की न्यूटनचा तिसरा नियम खांद्याला जाणवतो. .३०८ विंचेस्टर काडतुसाची ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटते. गोळी व तिच्यामागून उसळणारे वायू यांचा मिळून संवेग साधारण १२ किग्रॅ-मीटर प्रतिसेकंद धरू. मग ४ किलोची रायफल सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येते, ३ किलोची ४ मीटरने. गतिज ऊर्जा १८ ज्यूलवरून २४ ज्यूलवर जाते! (नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवण्याजोगे उदाहरण.) धक्क्याच्या धास्तीने नेमबाज चाप ओढतानाच दचकतो आणि हरीण नुसते जखमी होऊन पळते.

हलकी नळी बारीक असते, म्हणून लवकर तापते. ती दस्त्याला कुठे टेकत असेल तर प्रसरणाने दाब बदलून नेम सरकतो. दोहोंमधून कागदाची पट्टी सहज फिरावी इतकी फट ठेवतात. दुर्बीण जुळवताना दर दोन-तीन बारांनंतर नळी निवू देतात. शिकारीत महत्त्वाचा पहिला बार थंड नळीतूनच निघतो.

१०० मीटर जाईपर्यंत गोळी गुरुत्वाने सुमारे ७ सेंमी खाली येते. म्हणून नळी दृष्टिरेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली असते.