ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पण वही कोणाकडे?

लालबागच्या मिरची गल्लीत वडील हिशेब वहीत लिहितात, मुलगा ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतो. ई-मेल त्याला जुनाट वाटतो. आमच्या मते मात्र ई-मेल वडिलांच्या वहीचाच भाऊबंद आहे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाचा ई-मेल आजही कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. स्वतःचे डोमेन घेतल्यास कंपनी बदलूनही पत्ता तोच राहतो. उलट, ऑर्कुट २०१४ मध्ये कायमचे बंद झाले आणि ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप सुमारे सहा तास ठप्प होते.

व्यापारी बांधवांनी ऑर्डरी व्हॉट्सॲपवर जरूर घ्याव्यात. पण गिऱ्हाइकांचे पत्ते व येणी रोज स्वतःच्या संगणकावर उतरवून त्याची एक प्रत पेनड्राइव्हमध्ये ठेवावी. उधारी आपली, तर वहीही आपल्याच गल्ल्यात हवी.