पिंजऱ्यावर चादर टाकली. पण आवाजाचे काय?

आमच्या घरी चिंगी नावाची एक पाहुणी राहते. वजन जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम, पोट पोपटी, डोके पिवळे आणि पंखांवर काळे पट्टे. बाजारात अशा पक्ष्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. चिंगी आहे बजरीगर, म्हणजेच बजी. तिच्या जातीचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, मोकळ्या माळरानात. (आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, बरे का!)

माळरानावर सूर्य मावळला की अंधार आणि शांतता दोन्ही बरोबरच येतात. आमच्या घरात तसे नाही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि माणसे सहा. रात्री दहापर्यंत टीव्ही, त्यानंतर भांड्यांचा खणखणाट, मग थोरलीचा बारावीचा अभ्यास. पिंजरा टीव्हीशेजारच्या कपाटावर. रोज आठ वाजता मी त्यावर जाड चादर टाकी आणि ऐटीत म्हणे, "झाली चिंगीची रात्र!"

एका रात्री अकराच्या सुमारास ओट्यावरून स्टीलचे ताट घसरून फरशीवर पडले. त्याबरोबर चादरीखाली एकच फडफड झाली. चादर काढून पाहतो तो चिंगी पिंजऱ्याच्या तळाशी धापा टाकत बसलेली, पंखाचे एक पीस मोडलेले आणि तिथून रक्त येत होते. अंधारात दचकलेला पक्षी वाट दिसत नसताना उडू पाहतो आणि गजांवर आपटतो. सुदैवाने रक्त लवकर थांबले. सकाळी पशुवैद्यांना दाखवून आणले. परतताना धाकटीने विचारले, "बाबा, तुम्ही कॉलेजात ध्वनी शिकवता ना? मग चादरीतून आवाज जातो हे तुम्हाला ठाऊक नव्हते?"

ठाऊक होते, पण घरी वापरले नव्हते! प्रकाश अडला म्हणजे आवाजही अडला, असे मी धरून चाललो होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. तुम्हीही करून पाहा. मोबाइलचा किंवा घड्याळाचा गजर चालू करा आणि त्यावर चादर टाका. आवाजात फरक जवळजवळ नाहीच. चादरीऐवजी घडी केलेली गोधडी टाका. आवाज थोडा मंदावेल, त्यातही उंच पट्टीचा कर्कशपणा अधिक कमी होईल. आता एका जाड स्टीलच्या डब्यात टॉवेल अंथरून त्यावर गजर ठेवा आणि झाकण घट्ट लावा. आवाज एकदम दबेल. शेवटी झाकणाखाली एक काडी सरकवून बारीकशी फट ठेवा. पाहा, आवाज पुन्हा बाहेर डोकावतो!

याचे कारण काय? ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. कापडाच्या धाग्यांमधल्या छिद्रांतून हवा ये-जा करते, तसे हे कंपनही जाते. शिवाय कापड हलके असल्यामुळे ते स्वतःही सहज हलते. जड वस्तू मात्र हलवणे कठीण. म्हणून आवाज अडवायला लागते वजन, आणि फटी नसलेले वजन.

फटीचे गणित तर मजेदार आहे. समजा, भिंत आणि बंद दार मिळून आवाजाच्या ऊर्जेचा फक्त दहा हजारावा भाग पलीकडे जाऊ देतात. ही झाली ४० डेसिबलची घट. आता त्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी फट ठेवली, तर निदान शंभरावा भाग ऊर्जा तिच्यातून सरळ निघून जाते. घट उरली केवळ २० डेसिबल. एवढ्याशा फटीने भिंतीचा निम्मा पराक्रम खाल्ला!

मग पिंजऱ्यावर जाड गादीच घालावी का? मुळीच नाही! जे वेष्टण आवाज पुरता अडवील, ते हवाही अडवील. आत उकाडा होईल, पक्षी गुदमरेल. म्हणजे पिंजरा बंद करायचा नाही. आवाज मुळाशी कमी करायचा आणि पिंजरा त्यापासून दूर न्यायचा.

तर मग चादर निरुपयोगी का? तसेही नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली बजींच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस स्वप्ने पाहतो त्या झोपेत बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात. बजींच्या झोपेचा सुमारे २६ टक्के भाग तशाच प्रकारचा, म्हणजे जवळपास माणसाइतकाच निघाला. पूर्वीच्या एका अभ्यासात तो फारच कमी आढळला होता. कारण? त्या प्रयोगातली प्रकाशव्यवस्था! तसाच प्रकाश ठेवून पाहिला तेव्हा बजींच्या झोपेची घडी पार विस्कटली. चादरीचे काम अंधार करणे, आणि ते ती चोख बजावते. चूक होती ती तिच्याकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा करण्यात.

आता आमच्या घरी काय बदलले ते सांगतो. रात्री पिंजरा आजोबांच्या खोलीत जातो. ते नऊलाच झोपतात. दार लावून त्याच्या खालच्या फटीशी जुन्या साडीची गुंडाळी ठेवतो. हवेसाठी मागच्या अंगणाकडची खिडकी किलकिली असते. पिंजऱ्याखाली घडी केलेला टॉवेल असतो, म्हणजे टेबलातून येणारी कंपने पोहोचत नाहीत. चादर तीनच बाजूंनी. एक बाजू उघडी. पंखा मंद चालतो, त्याचा झोत पिंजऱ्यावर येणार नाही असा. त्याच्या एकसुरी घरघरीत बारीकसारीक आवाज बुडून जातात. पक्षी दचकतो तो शांततेतून अचानक उसळणाऱ्या आवाजाने. चिंगीची झोप रात्री आठ ते सकाळी साडेसहा. बजींना दहा-बारा तास लागतातच. पिंजरा स्वयंपाकघरात मात्र कधीही ठेवू नका. न चिकटणारा तवा अति तापला तर त्याचा धूर पक्ष्यांचा प्राण घेतो.

सर्वांत स्वस्त उपाय धाकटीने काढला. तिने ओट्यावर जाड फडके अंथरले. ताट घसरणेच थांबले! आवाज जन्मालाच आला नाही, तर तो अडवायला भिंत कशाला हवी?

चिंगी आता कधीच दचकत नाही, असे मी म्हणणार नाही. दिवाळीत फटाका वाजला की ती अजून फडफडते. अशा वेळी आम्ही मंद दिवा लावतो, म्हणजे तिला दांडी दिसते. मग हळू आवाजात तिच्याशी बोलत राहतो आणि ती शांत झाली की दिवा मालवतो.

तुमच्या घरी पक्षी असेल, तर आज रात्री दहा वाजता दहा मिनिटे पिंजऱ्याशेजारी बसा आणि ऐकू येईल तो प्रत्येक आवाज वहीत लिहा. आमची यादी सतरा आवाजांची झाली होती. त्यांतले नऊ आम्ही कमी करू शकलो. आजोबा म्हणतात, चिंगीच्या निमित्ताने त्यांनाही कितीतरी दिवसांनी सलग झोप मिळाली.