बंदी पत्त्यावर, खेळावर नव्हे

शाळेच्या संगणक कक्षात खेळांच्या संकेतस्थळांवर बंदी घातलेली असते, तरीही तासाच्या अखेरीस दोन-चार पडद्यांवर खेळ रंगलेले दिसतात. एक पत्ता बंद केला, की थोड्याच दिवसांत तोच खेळ दुसऱ्या पत्त्यावर उघडतो. ‘मुले फार हुशार झाली आहेत’, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. मुले हुशार असतात हे खरेच. पण याचे मूळ कारण इंटरनेटच्या रचनेत आहे. ते समजून घेतले, तर बंदीकडून किती अपेक्षा ठेवावी आणि कोठे शिक्षकानेच लक्ष घालावे, हे ठरवता येईल.

खेळ कोठे चालतो?

सोलापूरच्या वाचकांना हे समजायला अवघड जाऊ नये. चादरीवरची नक्षी जकार्डच्या साहाय्याने विणली जाते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास ही पद्धत प्रचारात आणली. तीत पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडलेली असतात. ताण्याचे कोणते धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे त्या छिद्रांवरून ठरते. कार्डे परगावाहून आणली, तरी नक्षी उमटते ती आपल्या मागावर.

ब्राउझरमधील खेळाचेही असेच आहे. दूरच्या संगणकाकडून येते ती खेळाची आज्ञावली आणि सोबतची चित्रे, म्हणजे जणू कार्डेच. ती वाचून खेळ घडवण्याचे काम आपल्या समोरच्या संगणकातील ब्राउझर करतो. पूर्वी अशा बहुतेक खेळांना फ्लॅश नावाची वेगळी जोड लागत असे. ती काढून टाकली, की खेळ थांबत. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला दिलेला आधार काढून घेतला. परंतु तोपर्यंत कोणत्याही जोडीवाचून खेळ चालवण्याची क्षमता ब्राउझरमध्येच आली होती. धड्यातील हलती चित्रे दाखवणारी यंत्रणाही तीच. त्यामुळे खेळाचा माग काढून टाकून धड्याचा माग तेवढा ठेवणे आता शक्य नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे क्रोम ब्राउझरमधील डायनासोर. २०१४ साली आलेल्या या खेळाची आज्ञावली ब्राउझरमध्येच भरलेली असते. इंटरनेटची जोडणी तुटली, की पडद्यावर डायनासोर उभा राहतो आणि कळ दाबली, की धावू लागतो. येथे जाळ्यावरून काही येतच नाही; मग जाळ्यावरची बंदी त्याला कशी अडवणार? शेवटी शाळा व कचेऱ्यांतील संगणक-व्यवस्थापकांना हा खेळ बंद करता यावा, अशी वेगळी सोय कंपनीला करावी लागली.

चाळणी काय पाहते?

विद्यार्थी संकेतस्थळाचे नाव लिहितो, तेव्हा प्रथम त्या नावाचा अंकी पत्ता शोधला जातो. मग त्या पत्त्यावरील संगणकाशी जोडणी होते आणि शेवटी मजकूर येतो. शाळेची चाळणी बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर बसवलेली असते. नाव काळ्या यादीत असेल, तर वाट अडवली जाते.

तिसऱ्या पायरीवर अडचण आहे. आज बहुतेक मजकूर सांकेतिक रूपात, जणू बंद लिफाफ्यातून येतो. लिफाफ्यावरचे संकेतस्थळाचे नाव चाळणीला सामान्यतः वाचता येते. आतले पान कोणते, ते कळत नाही. त्यामुळे लाखो लोकांची पाने ठेवणाऱ्या एखाद्या मोठ्या सेवेवर कोणी खेळाचे पान ठेवले, तर चाळणीपुढे दोनच पर्याय उरतात : सगळी सेवा बंद करणे किंवा सगळी चालू ठेवणे.

‘२०४८’ हा आकड्यांचा खेळ पाहा. गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने तो मार्च २०१४ मध्ये तयार केला आणि त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली. कोणीही ती घ्यावी, बदलावी, आपल्या पानावर ठेवावी. साहजिकच खेळ एक आणि पत्ते असंख्य, अशी स्थिती झाली. यादी करणारा कितीही तत्पर असला, तरी नक्कल करणारा त्याच्या पुढेच राहतो.

अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने, सवलतीच्या दरात इंटरनेट घेणाऱ्या शाळांना चाळणी बसवणे बंधनकारक झाले. पुढे मुलांसाठी ‘बंदीमुक्त खेळ’ अशा नावाची संकेतस्थळेच निघाली. तेथून ती जगभर पोचली.

चाळणी बारीक केली तर?

शब्दांवर बंदी घालता येते. पण ‘खेळ’ हा शब्द अडवला, तर खो-खोचे नियम आणि ऑलिंपिकचा इतिहासही अडतो. उलट, ठरावीक संकेतस्थळेच उघडतील, अशी पांढरी यादी करता येते. ती पुष्कळ परिणामकारक असते. परंतु नान्नजच्या माळढोकाविषयी एखाद्या मुलीला अचानक प्रश्न पडला, तर उत्तराचे पान यादीत असेलच असे नाही. काही व्यवस्था लिफाफाही उघडून पाहतात. मग शिक्षकांचे व मुलांचे खाजगी व्यवहारही उघडे पडू शकतात.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. ज्या कामासाठी त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यात या प्रयोगाचाही वाटा होता. क्यूआर कोड म्हणजे तरी काय? चौकटीत लिहिलेला एक पत्ता. तो पत्ता ज्या मोठ्या सेवेवरचा असेल, तीच आपण खेळांच्या भीतीने बंद केली, तर पुस्तकातील कोड मुका होतो आणि नुकसान अभ्यास करणाऱ्या मुलाचे होते.

वळशाचा धोका

वाट अडली, की काही मुले मध्यस्थ सेवा वापरतात. मुलाची मागणी मध्यस्थाकडे जाते आणि तो खेळ आणून देतो. चाळणीला फक्त मध्यस्थाचे नाव दिसते. पण हा मध्यस्थ कोण, हे मुलाला ठाऊक नसते. काही मध्यस्थ पाने मुलाने लिहिलेला सगळा मजकूर, पासवर्डसुद्धा, वाचू शकतात. खेळापेक्षा हा धोका मोठा आहे, आणि केवळ रागावल्याने तो मुलांना कळत नाही. वर्गात एक चिठ्ठी तिसऱ्याच्या हातून पाठवून पाहा. मधल्याने ती वाचली की नाही, हे पाठवणाऱ्याला कसे कळणार, असे विचारा. मुद्दा लगेच लक्षात येईल.

मग करावे काय?

काळी यादी ठेवावी. अश्लील व फसवी संकेतस्थळे अडवायला ती हवीच. खेळाचा प्रश्न मात्र वेळेचा आणि पाळीचा आहे. संगणक दहा आणि मुले चाळीस असतील, तर एकाचा खेळ म्हणजे दुसऱ्याचा तास बुडणे. हे कारण मुलांना पटते. पडदे शिक्षकाला दिसतील अशी मांडणी आणि काम आधी पूर्ण करणाऱ्याला शेवटची ठरावीक मिनिटे, असे साधे नियम चाळणीपेक्षा अधिक उपयोगी पडू शकतात.

आणि खेळालाच धडा करता येतो. ‘२०४८’ साठी संगणकही लागत नाही. वहीवर १६ घरांचा चौकोन आखा. दहा चिठ्ठ्यांपैकी नऊंवर २ आणि एकीवर ४ लिहा. सुरुवातीला दोन घरे भरतात, पुढे प्रत्येक चालीनंतर चिठ्ठी काढून एक नवा आकडा येतो. सारखे आकडे भिडले, की त्यांची बेरीज होते. आता विद्यार्थ्यांना विचारा :

१. दोन आकडे एकत्र झाल्यावर पटावरील एकूण बेरीज बदलते का?

२. २ पासून २०४८ पर्यंत किती वेळा दुप्पट करावी लागते?

३. २०४८ गाठायला सरासरी किती चाली लागतील?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे १०. बेरीज केवळ नव्या आकड्याने वाढते. ती वाढ सरासरी २.२ असते. म्हणून साधारण ९३० चाली लागतात. दर वेळी ४ च आले, तरी ५१० पेक्षा कमी चालींत ते साधणार नाही. का, ते मुलांनीच शोधावे.