घर दोघांचं, हप्ता दोघांचा. मग नाव कुणाचं?

परवा संध्याकाळी भाची आणि जावई पेढे घेऊन आले. दारातूनच भाची म्हणाली, “मावशी, घर बुक केलं! दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. चाळीस लाख!” चेहऱ्यावर आनंद नुसता ओसंडून वाहत होता. भाड्याच्या घरात नऊ वर्षं काढली बिचारीनं. दर अकरा महिन्यांनी नवा करार, दर दोन-तीन वर्षांनी नवं बिऱ्हाड.

मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, “अगं, पण नाव कुणाचं लागणार?”

ती हसली. “ह्यांचंच लागणार, दुसऱ्या कुणाचं? पण कर्जाच्या कागदांवर माझीही सही आहे हं! बँकेनंच सांगितलं, दोघांचे पगार धरले म्हणजे कर्ज जास्त मिळतं. म्हणजे माझंही झालंच की!”

मैत्रिणींनो, इथेच आपल्यातल्या कितीतरी जणी फसतात. फसवतं कुणीच नाही, आपणच आपल्याला फसवतो. कर्जावरची सही आणि घरावरची मालकी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जावर सही केली की हप्ते फेडण्याची जबाबदारी आली. मालकी येते ती खरेदीच्या करारात नाव असेल तरच. म्हणजे भाचीबाई देणेकरी झाल्या, घरमालकीण नाही!

नाव नसलं तर काय बिघडतं?

“आमचं काही एकमेकांवर अविश्वास दाखवण्यासारखं नाही,” असं आपण लगेच म्हणतो. अहो, प्रश्न विश्वासाचा नाहीच. संसार सुरळीत चाललेला असतो तेव्हा कागद कपाटातच असतो. तो बाहेर निघतो अडचणीच्या वेळी.

समजा, घर एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि दुर्दैवानं तो अचानक गेला. मृत्युपत्र केलेलं नाही. अशा वेळी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलं आणि त्याची आई यांना सारखे हिस्से मिळतात. दोन मुलं आणि सासूबाई असल्या तर पत्नीचा वाटा एक चतुर्थांश. आणि कर्जावर तिची सही असेल तर बँक तिच्याकडे हप्ता मात्र पूर्ण मागू शकते! मालकी चार आण्यांची आणि देणं सोळा आण्यांचं.

“पण मी नॉमिनी आहे ना?” असं कुणी म्हणेल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, पण शेवटी मालकी ठरते ती वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं. हा फरक मनात पक्का करून ठेवा.

दोघांचं नाव की एकटीचं?

जावईबापू समंजस. ते म्हणाले, “मावशी, हिच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटी कमी लागते म्हणतात. खरं का?”

खरं आहे. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात, म्हणजे स्टॅम्प ड्यूटीत, 1 टक्का सवलत मिळते. आधी अट अशी होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट 2023 साली काढून टाकली. पण ही सवलत खरेदीदार फक्त बाई किंवा बायकाच असतील तर मिळते. नवरा-बायको दोघांचं नाव लावलं की नाही.

मग काय करावं? चाळीस लाखांच्या घरावर 1 टक्का म्हणजे 40 हजार वाचतात. रक्कम लहान नाही. पण दुसरी बाजूही बघा. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मागायची तर माणसाचं नाव घरातही हवं आणि कर्जातही. नवरा हप्ता भरतो आणि मालकीत त्याचं नाव नाही, तर त्याची सवलत जाते. तेव्हा दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं आणि हिशोब करावा. हिशोब कसाही येवो, तुमचं नाव करारात असलं म्हणजे झालं. दोघांचं नाव लावलंत तर कुणाचा किती हिस्सा, तेही करारात लिहून घ्या.

चाळीस लाखांचं घर चाळीस लाखांत येत नाही

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. हल्ली घर आयतं विकत मिळतं, पण खर्चाचं बोलाल तर ही म्हण अजून खरी आहे. भाचीचाच हिशोब सांगते.

बँक घराची पूर्ण किंमत कधीच देत नाही. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत 80 टक्के, त्यापुढे 75 टक्के, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. भाचीनं तीस लाखांचं कर्ज घ्यायचं ठरवलं. म्हणजे दहा लाख पदरचे. शिवाय वरचा खर्च असा:

मुद्रांक शुल्क (पुण्यात एकूण 7 टक्के) – 2 लाख 80 हजार
नोंदणी फी (1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार) – 30 हजार
जीएसटी (1 टक्का) – 40 हजार
एकूण – 3 लाख 50 हजार

मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे, गावाप्रमाणे आकडा बदलतो. करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर ते आकारतात. इमारत बांधून होत असली तरच जीएसटी लागतो. घर 45 लाखांच्या आतलं आणि ठरलेल्या आकाराच्या आतलं असेल तर 1 टक्का, एरवी 5 टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. घर पन्नास लाखांचं किंवा जास्त किमतीचं असेल तर किमतीतून 1 टक्का कर कापून सरकारात भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, हेही लक्षात असू द्या.

याखेरीज वकिलाची फी, सोसायटीची अनामत, पंखे-दिवे, माळ्याची फळी, ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि वास्तुशांत! म्हणून हाताशी चार-पाच लाख जास्तीचे नसतील तर घाई करू नका. दागिने मोडून टोकन देऊ नका, बरं का.

हप्त्याचं गणित

तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे 26 हजार रुपये. वीस वर्षांत एकूण फेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास! तेच पंधरा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साडेएकोणतीस हजार आणि एकूण फेड त्रेपन्न लाखांच्या थोडी वर. महिन्याला साडेतीन हजार जास्त भरले तर नऊ लाखांवर वाचतात.

पण अंथरूण पाहूनच पाय पसरा. ओढाताण होत असेल तर मुदत वीस वर्षांची घ्या आणि बोनस मिळाला, भिशी लागली की ते पैसे कर्जात भरा. व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून बँक दंड लावू शकत नाही. आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम कशालाही हात न लावता बाजूला ठेवा. नोकरी गेली, आजारपण आलं, तरी घराला धक्का लागत नाही.

चेक देण्याआधी

भाचीच्या बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसानं सांगितलं होतं, “पाडव्यापर्यंत सहा लाख भरा, करार सावकाश करू.” हे ऐकून मी पेढ्याची पुडी बाजूला ठेवली. सरळ सांगितलं, एक पैसा जास्त द्यायचा नाही.

रेरा हा कायदा 2016 साली झाला आणि 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याप्रमाणे करार करून त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. चाळीस लाखांचे दहा टक्के म्हणजे चार लाख. सहा लाख मागणं बेकायदाच. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्याच इमारतीसाठी वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधनही बिल्डरवर आहे. ताबा द्यायला उशीर झाला तर व्याज मागता येतं, किंवा व्यवहार सोडून पैसे व्याजासह परत मागता येतात.

अगदी लहान इमारती सोडल्या तर प्रत्येक नव्या बांधकामाची नोंद महारेराकडे करावी लागते. जाहिरातीत तो क्रमांक असतो. महारेराच्या संकेतस्थळावर तो घातला की ताबा कधी देणार, कोणत्या परवानग्या आहेत, किती घरं विकली, जमिनीवर दावे आहेत का, हे घरबसल्या वाचता येतं. मुलांना सांगा, दहा मिनिटांत काढून देतील. पण वाचायचं मात्र तुम्ही!

हे कागद मागून घ्या आणि आपल्या स्वतःच्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या वकिलाला नव्हे:

- जमिनीचा सात-बारा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि मालकीचा शोध अहवाल
- पालिकेनं मंजूर केलेला नकाशा आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला
- तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र
- जुनं घर असेल तर आधीचे सगळे करार, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला

“बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोखच,” असं समजू नका. बँक तिच्या पैशांची काळजी घेते, आपली आपणच घ्यायची. आणि भोगवटा प्रमाणपत्र नसताना “नुसतं सामान आणून ठेवा” म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पुढे पाण्याच्या जोडणीपासून घर विकण्यापर्यंत सगळीकडे अडतं.

बायकांच्या नजरेनं घर बघा

पुरुषमंडळी हॉलच्या खिडकीतून दिसणारी टेकडी बघतात. आपण स्वयंपाकघर बघावं. पिशवीत मापाची टेप न्या. आपलं कपाट, पलंग, फ्रिज यांची मापं आधी लिहून न्या. नमुन्याच्या घरात मांडलेल्या लहानशा पलंगाला भुलू नका. रेरामध्ये घर कार्पेट एरियावरच विकायचं असतं. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. “सुपर बिल्टअप”चा मोठा आकडा कुणी सांगितला तर कार्पेट विचारा. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट, हे पाठ करून ठेवा.

एकदा भर दुपारी जा, एकदा पावसात. भिंतीला ओल आहे का, गच्ची गळते का, गल्लीत पाणी तुंबतं का, हे पावसातच कळतं. शेजारच्या इमारतीतल्या दोघी-तिघींना विचारा: पाणी दिवसातून किती वेळ येतं? मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का? त्याचे पैसे कोण देतं? ही माहिती कुठल्याही छापील पुस्तिकेत नसते. धुणं वाळत कुठे घालणार, ओट्यावर उजेड येतो का, कुकर-मिक्सरसाठी पुरेसे प्लग आहेत का, सासूबाईंना जिना झेपेल का, हेही बघा.

ताबा घेतल्यावरही डोळे उघडे ठेवा. बांधकामातला दोष पाच वर्षांच्या आत दाखवून दिला तर तो फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरला भाग आहे. तक्रार लेखीच करा आणि पोच घ्या. पुढे सोसायटी स्थापन होऊन जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालं की नाही याची चौकशी चालू ठेवा. ते रखडलं तर जमीन आधीच्याच मालकाच्या नावावर राहते आणि इमारत जुनी झाली की अडचण उभी राहते.

शेवटी काय झालं?

भाचीनं सहा लाखांचा चेक दिला नाही. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस थोडा रुसला, पण “आधी करार” म्हटल्यावर तीन आठवड्यांत तयार झाला. दोघांनी हिशोब मांडला आणि नाव दोघांचं लावायचं ठरवलं, हिस्सा निम्मा-निम्मा. कराराची पानं भाचीनं दोन रात्री बसून वाचली आणि पार्किंगचा उल्लेखच नव्हता तो घालून घेतला.

गेल्या सोमवारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून तिचा फोन आला. मागे गर्दीचा गोंगाट होता. “मावशी, अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढला. इंडेक्स टू हातात आला. त्यात माझं नाव आहे गं!”

मी म्हटलं, “छान झालं. आता त्याच्या दोन झेरॉक्स काढ आणि मूळ कागद कुठे ठेवलाय, ते मुलांनाही सांगून ठेव.”

वास्तुशांतीला पेढे पुन्हा येणार आहेत. त्या वेळी मात्र मी दोन खाणार!