टॅबचा कीबोर्ड कुठे गडप होतो?

वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेमुळे शिरूर तालुक्याला शाळेतला टॅब नवा नाही. आता तो शिरूर-दौंडच्या दुकानांत, गोदामांतही दिसतो. लिहायच्या जागी बोट टेकवावं आणि कीबोर्ड वर येऊच नये, ही तक्रारही त्याच्याबरोबर आलीच.

पहिला संशय ब्लूटूथवर घ्या. बाहेरचा कीबोर्ड जोडलेला असला की पडद्यावरचा बहुधा लपतो. दुकानातली खरी गोम बारकोड स्कॅनरची. वाचलेला आकडा तो टाइप केल्यासारखा पाठवतो, म्हणून अँड्रॉइड त्यालाच कीबोर्ड समजतं. स्कॅनर जोडलेला ठेवायचाच असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘भाषा आणि इनपुट’मध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ शोधा आणि ऑनस्क्रीन कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय चालू करा. कंपनीगणिक ही नावं थोडी बदलतात. आयपॅडला स्कॅनर जोडला तरी हाच अनुभव येतो. बऱ्याच स्कॅनरवर कीबोर्ड वर आणण्याचं बटण असतं.

काहीच जोडलेलं नसेल, तर अँड्रॉइडच्या त्याच ‘भाषा आणि इनपुट’मध्ये जीबोर्ड किंवा तुमचा नेहमीचा कीबोर्ड चालू आहे का बघा. कधी कधी फक्त व्हॉइस टायपिंग चालू राहिलेलं असतं. मग टॅब रीस्टार्ट करा. तरीही अडलं तर कीबोर्ड ॲप ‘फोर्स स्टॉप’ करून कॅशे पुसा. ‘डेटा’ पुसलात तर शिकवलेले मराठी शब्द जाऊ शकतात.

फॅक्टरी रीसेट सुचवणाऱ्याला आधी विचारा: ब्लूटूथ बंद करून पाहिलंत का?